आधी दवाखाना, मग माळ

एकादशीला विठोबा पंढरपुरात असतो आणि आषाढी पौर्णिमेला आमच्या धापेवाड्यात येतो, असं नागपूरकडं मानतात. इथल्या चंद्रभागा नदीच्या काठचं हे संत कोलबास्वामींचं ठिकाण. पेरणी अडली, सुट्टी मिळाली नाही, तब्येत साथ देईना, अशा कितीतरी जणांना पंढरी इथंच भेटते. काटोल नाक्यावरून फेटरी, कळमेश्वर करत बाबा ही वारी पायी करायचे. ते गेल्यापासून मी करतो.

बाबा कापडगिरणीत होते. सकाळी चहा घेताना त्यांच्या हातातली कपबशी वाजायची आणि आई मान वळवायची. दारू सुटली ती एका शेजाऱ्यामुळे. तो स्वतः सुटलेला होता. त्यानं उपदेश केला नाही, दवाखान्यात नेलं आणि रात्रभर खाटेशी बसला. तेव्हापासून बाबा माणूस बघायच्या आधी त्याचे हात बघायचे. वस्तीतल्या कुणाचे हात कापताना दिसले, की संध्याकाळी त्याच्या दारात हजर. "मी आठ वर्षं पेलो जी, तुमचं सांगा," एवढीच सुरुवात.

त्यांचा एक नियम होता: आधी दवाखाना, मग माळ. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. देवाची शपथ घालून, खोलीत कोंडून दारू सोडवणाऱ्यांवर बाबा चिडायचे. डॉक्टरांचं औषध, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पोटात अन्न, झोप, हे सगळं झाल्यावरच "चला, धापेवाड्याला येता का?"

यंदा माझ्यासोबत वस्तीतला रंगकाम करणारा एक पोरगा होता. उपचार घेऊन आलेला, अजून नवाच. फेटरीपर्यंत गप्प. पुढं पाऊस लागला, काळी माती चपलेला धरू लागली, दिंडीत "ज्ञानोबा माउली तुकाराम"चा गजर चढला, तसा तो बोलता झाला. "काका, बाबाजीले झोप कधी लागाले लागली?" मी सांगितलं, पुष्कळ दिवस लागले. रात्री उठून ते अंगण झाडायचे. त्याला ते फार पटलं. म्हणाला, मी पण रात्री भांडे घासतो.

वाटेत देशी दारूचं दुकान लागलं. बाबा अशा ठिकाणी न बोलता जागा बदलायचे. नव्या माणसाला आतल्या अंगाला घ्यायचे आणि दुकानाच्या बाजूनं स्वतः चालायचे. मीही तेच केलं. पोराच्या लक्षात आलं. त्यानं माझी बाही धरली ती दुकान पार मागं पडेपर्यंत सोडली नाही.

दारूबंदीवर आमच्याकडं वाद पुष्कळ झडतात. वर्धा जिल्ह्यात बंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. बाबा बंदीच्या बाजूनंच होते. पण कायदा रात्री दोनला उठून तुमच्या घरी येत नाही, असं ते म्हणत, आणि स्वतः जात. मी त्यांना तसं जाताना पाहिलंय, भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन. आज आमची दारू सोडणाऱ्यांची गुरुवारची बैठक चालते ती त्यामुळं. दुसरं कुठलंही शिक्षण माझ्याकडं नाही.

धापेवाड्यात दर्शनाची रांग लांब होती. पोरानं विठोबाच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मागची माणसं ओरडली नाहीत, हे मला फार आवडलं.

नदीकाठी महाप्रसादाचा भात खाताना तो म्हणाला, "माह्या साळाही लय पेते, काका. उद्या जाऊन समजावतो त्याले."

"एकटा जाऊ नको," मी म्हटलं. "तुझी सुटून किती दिवस झाले? मी येतो सोबत. सकाळी जाऊ, तो शुद्धीत असताना. आणि जवळचा डॉक्टर कोण, ते आजच विचारून ठेव."

त्यानं हात धुतले आणि तिथूनच बायकोला फोन लावला.