रमाबाईंचं १९०५: तुम्ही विचारलंत म्हणून

“एवढी विदुषी बाई, आणि शेवटी केडगावात त्या रडारडीत कशी रमली हो?”

पंडिता रमाबाईंवर मी अधूनमधून बोलायला जाते, आणि चहाच्या वेळी कुणीतरी हे विचारतंच. विचारणारे दोन तऱ्हेचे. एक सुधारकी वळणाचे. त्यांना हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देणारी रमाबाई हवी, पुढची नको. दुसरे आमचेच, चर्चच्या मंडळीतले. ते विचारत नाहीत, सुचवतात. “ताई, ते अन्य भाषांचं वगैरे आज नको. बाहेरचे लोक आलेत.” (अन्य भाषा म्हणजे प्रार्थनेच्या भरात तोंडातून येणारे, कुठल्याच ओळखीच्या भाषेतले नसलेले शब्द.) गेल्या जयंतीला हे मला व्यासपीठाच्या पायरीवर सांगण्यात आलं. म्हणून आता एकदाच काय ते सांगून टाकते.

कलकत्ता, विलायत, बाप्तिस्मा, विधवांसाठीचं शारदासदन, तिथल्या धर्मांतराच्या आरोपांवरून १८९३ चा गदारोळ हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. १९०५ कडे येते. त्या जानेवारीत रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती या आपल्या आश्रमात रोज सकाळी संजीवनासाठी, म्हणजे श्रद्धेला नव्यानं जाग यावी म्हणून, प्रार्थना करणारा एक गट सुरू केला. सुरुवातीला सत्तरेक जणी, जूनपर्यंत पाचशेच्या वर. २९ जूनच्या पहाटे तीनच्या सुमारास एका मुलीभोवती जाळ दिसला म्हणून शेजारी झोपलेली मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली. ओतणार, तेवढ्यात लक्षात आलं की ही जळत नाहीये. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असताना मुली मोठमोठ्यानं रडायला, प्रार्थना करायला लागल्या. इतक्या, की बाईंना बोलणं थांबवावं लागलं. हे सगळं मुक्तीतल्या मिनी अब्रम्स या अमेरिकी मिशनरी बाईंनी १९०६ साली पुस्तकात छापलं. ते पुस्तक पुढे चिलीतल्या वाल्पराइसोला त्यांच्या मैत्रिणीकडे पोचलं आणि तिथल्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या, चळवळीला त्यातून चालना मिळाली. केडगावच्या दुष्काळी पोरींचं रडणं दक्षिण अमेरिकेत ऐकू गेलं, आणि आपण पुण्यात ते दाबतो.

जाळ खरा होता का? मला विचारू नका. बादली मात्र मला खरी वाटते.

पूर्वी यावर माझं एक तयार उत्तर असायचं. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या मुली, आईबाप डोळ्यांदेखत गेलेले, कधी कुणी रडायला सवड दिली नाही, ते एकदम बाहेर पडलं. लोकांना पटायचं. टाळ्याही पडायच्या. आजही ते उत्तर मला खोटं वाटत नाही. पण त्यात रमाबाई कुठे आहेत? त्यांचेही आईबाप दुष्काळातच गेले होते. हे स्पष्टीकरण सुचायला त्यांना माझी गरज नव्हती. त्यांनी ते दिलं नाही, एवढं खरं.

त्यांनी जे दिलं ते १९०७ साली मुक्तीच्या पत्रिकेत आहे. इतर देशांतल्या ख्रिस्ती लोकांमध्ये पवित्र आत्म्याला जी मोकळीक, ती आमच्यात का नसावी, असा त्यांचा सवाल होता. हिंदी माणसाच्या स्वभावाला मानवेल अशा रीतीनं संजीवन येऊ द्या, त्याला पाश्चात्त्य शिस्तीत बसवू नका, असं त्या म्हणत होत्या. आणि त्याच दमात हेही, की अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं एक चिन्ह आहे, पण तेच एकमेव आणि अनिवार्य, याला शास्त्रात आधार नाही. जगभरचे पेंटेकोस्टल पुढे वर्षानुवर्षं ज्यावर भांडले, त्यावर केडगावच्या बाईनं तेव्हाच आपलं मत देऊन ठेवलं होतं.

ही मला १८८५ चीच बाई वाटते. इंग्लंडमधल्या वाँटिजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना तिनं तेव्हा लिहिलं होतं, की मोठ्या कष्टानं भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. देवाच्या आणि माणसाच्या मध्ये कुणी उभं राहिलेलं तिला तेव्हाही चालत नव्हतं. मग स्वतः तरी त्या पोरींच्या मध्ये कशी उभी राहील? इतकं साधं आहे ते.

साधं आहे, तर मग हा प्रश्न मला झोंबतो का, तेही सांगते.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आमचं घराणं नगरकडचं, अमेरिकन मिशनच्या वळणाचं. उपासनेत नुसतं डोललं तरी मागून नजर यायची. बाबा गेल्यावर आई शेजारणीबरोबर पिंपरीतल्या एका प्रार्थनासभेला जाऊ लागली. एकदा मी तिला आणायला गेले. मंगल कार्यालय, कान फाटतील असा कीबोर्ड, आणि पुढच्या रांगेत आई. पदर घसरलेला, दोन्ही हात वर, तोंडातून धडाधड शब्द, पण कुठल्याच भाषेतले नव्हेत. आवाज मात्र तोच, आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायची तो. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. दारातला स्वयंसेवक म्हणाला, “आत्म्याला अडवू नका, ताई.” मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिक्षात ती गप्प. नाशिक फाटा ओलांडल्यावर म्हणाली, “डबा आत राहिला.” त्यावर दोघी काहीच बोललो नाही. ती परत गेली नाही, मीही जा म्हटलं नाही.

तसल्या सभांत काय चालतं ते मी पाहिलंय. मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगतात, दशमांशाची, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाची, पाकिटं फिरवतात. म्हणून मी केलं ते योग्यच होतं, असं मी म्हणते. मग रमाबाईंचा तो १९०७ चा सवाल वाचते आणि त्या दारात मीच जेराल्डीनबाई होऊन उभी होते असं वाटू लागतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे मला अजून सोडवता आलेलं नाही. तुम्हाला आलं असेल तर कळवा.

पण “शेवटी बुद्धी गहाण टाकली” हे मात्र मी ऐकून घेणार नाही. त्याच वर्षांत ही बाई हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणत होती. ते छापायचं काम मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. १९२१ च्या जुलैत त्यांची मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. पहाटेची प्रार्थना आणि हिब्रूचं व्याकरण एकाच माणसात मावतं, हे तुम्हाला चालत नसेल तर तो प्रश्न तुमचा.

तेव्हा पुढच्या जयंतीला, २३ एप्रिलला, बोलवायचं असेल तर आधीच सांगून ठेवते. १९०५ वगळणार नाही. अर्धा तास त्यावरच बोलेन. आणि चहाच्या वेळी कुणी विचारलंच, तर हा कागद हातात देईन.