रिकाम्या मिनिटांची सरासरी

सादरीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. संध्याकाळी सहाला माझ्या पडद्यावरचा गर्दीचा नकाशा कसा निवांत, फिकट निळा दिसत होता. स्थानकातला, फलाटाचा जिना उतरून बाहेर नेणारा भुयारी मार्ग; तिथली प्रवाशांची ये-जा मी संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये चालवून पाहत होते. मोजणीचे आकडे भरून झाले होते, दहा वेगवेगळ्या रँडम सीडवर, म्हणजे दर वेळी योगायोगाचे आकडे बदलून, रन झाले होते. अहवालात वाक्यही लिहून ठेवलं होतं: लेव्हल ऑफ सर्व्हिस ‘बी’, रुंदी पुरेशी. (या पातळ्यांत ‘ए’ सर्वांत मोकळी, ‘एफ’ सर्वांत दाट.)

मोजणीला गेलेला आमचा तरुण सहकारी मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, “मॅडम, असं मोकळं नसतं हो तिथे. मी जिन्याखाली भिंतीला चिकटून उभा होतो. गाडी आली की वहीत आकडा लिहायला हातसुद्धा हलवता यायचा नाही.”

त्याच्या सांगण्यावर शंका घ्यायचं काहीच कारण नव्हतं. लोंढा चुकून तासभर सारखा पसरला गेलाय का, ते आधी पाहिलं. तसं नव्हतं; दर पाच मिनिटांनी गाडी येत होती आणि अॅनिमेशनमध्ये जिन्याखाली दाटी स्पष्ट दिसत होती. नकाशात तेवढी ती गायब होती.

नकाशा पूर्ण तासाच्या सरासरीवर काढला होता, हे तेव्हा ध्यानात आलं. गाडी आल्यावर साधारण एक मिनिट चौरस मीटरमागे २ माणसं, मग चार मिनिटं जवळजवळ कोणीच नाही. सरासरी ०.४. म्हणजे माणशी २.५ चौरस मीटर जागा, आणि पादचाऱ्यांच्या गर्दीचा अभ्यास करणाऱ्या जॉन फ्रुइनने १९७१ साली मांडलेल्या पातळ्यांनुसार चालण्याच्या जागेसाठी ती ‘बी’त बसते. गर्दीच्या त्या मिनिटात मात्र माणशी जेमतेम अर्धा चौरस मीटर उरतो. ती ‘ई’ पातळी, ‘एफ’च्या अगदी उंबरठ्यावर.

ते गणित कागदावर मांडल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. ती चार रिकामी मिनिटं सरासरीत मोजली जात होती, पण ती अनुभवायला तिथे माणूसच नव्हता. जो कोणी त्या मार्गाने जातो तो गर्दीच्या मिनिटातच जातो. २.५ चौरस मीटरची ऐसपैस जागा एकाही प्रवाशाच्या वाट्याला आलेली नव्हती.

मग रात्री सगळे नकाशे नव्याने काढले. कालखंड तासावरून ३० सेकंदांवर आणला. सेलही, म्हणजे घनता मोजायचा नकाशावरचा चौकोनही, बारीक करावा म्हणून अर्ध्या मीटरचा घेऊन पाहिला, तर भलतंच झालं: पाव चौरस मीटरच्या सेलमध्ये एकटा माणूस आला तरी घनता ४ होते, त्यामुळे मोकळ्या जागीही लाल ठिपके उमटायला लागले. परत एक मीटरवर आलो आणि आजूबाजूचे सेलही हिशेबात धरले. तिकीट यंत्रापुढच्या रांगेला फ्रुइनची रांगेसाठीची वेगळी पट्टी लावली. उभं राहणाऱ्याला चालणाऱ्याइतकी जागा लागत नाही. तिथे चालण्याची पट्टी लावली की साधी रांगही संकटासारखी दिसते.

घनतेच्या जोडीला चालीचा नकाशा काढला, आणि मला तोच जास्त बोलका वाटतो. मोकळा माणूस सरासरी सेकंदाला १.३४ मीटर चालतो, हा संशोधक वाइडमानचा १९९३चा आकडा. गर्दी वाढली की चाल किती घटते ते दाखवणाऱ्या त्याच्याच वक्राप्रमाणे घनता २ झाली की चाल ०.६वर येते, निम्म्याहूनही कमी. आमच्या रनमध्ये जिन्याच्या पायथ्याशी चाल त्याच्याच आसपास घुटमळत होती, कारण तिकीट यंत्राची रांग नेमकी उतरणाऱ्यांच्या वाटेत येत होती.

सकाळी बैठकीत एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “म्हणजे तासातली अठ्ठेचाळीस मिनिटं मार्ग मोकळाच असतो ना?”

“हो सर,” मी म्हटलं, “पण लोक उरलेल्या बारा मिनिटांत जातात.” आणि ३० सेकंदांचे तुकडे एकापाठोपाठ एक दाखवले. जिन्याखालचा नारिंगी डाग गाडीगणिक उमटत होता, विरत होता.

यंत्र समोरच्या भिंतीकडे सरकवून पुन्हा रन करायचं ठरलं. केलं. डाग लवकर विरायला लागला, पण पुसला गेला नाही. जिना रुंद करण्याचा पर्याय मग मी स्वतःच अहवालात घातला.