तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं आधीच ठरलेलं असतं का?

“क्वांटममध्ये सगळा संभाव्यतेचाच कारभार असेल, तर विज्ञान ठामपणे सांगतं तरी काय?” मी भौतिकशास्त्र शिकवतो हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. (क्वांटम म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांचं भौतिकशास्त्र.) विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक समजूत पक्की असते: न्यूटनचं जग काटेकोर आणि क्वांटमचं बेभरवशाचं. मला यातलं एकही पटत नाही.

1814 मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने लिहिलं, की एखाद्या अफाट बुद्धीला या क्षणीची सगळी बलं आणि प्रत्येक वस्तूची स्थिती ठाऊक असेल, तर तिच्या दृष्टीने काहीच अनिश्चित उरणार नाही. निश्चिततावाद म्हणतात तो हाच. पण उद्याची स्थिती आज ठरलेली असली, तरी ती आपल्याला आज सांगता येईलच असं नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झने हवामानाचं गणित संगणकावर पुन्हा चालवताना 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा भरला आणि पुढचं सगळं हवामानच बदललं. त्या समीकरणांत योगायोगाला जागाच नव्हती, तरी भाकीत हातातून निसटलं.

आता क्वांटम. रुग्णालयात स्कॅनसाठी टेक्नेशियम-99एम हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या केंद्रकांचा (अणूंच्या गाभ्यांचा) क्षय व्हायला लागणारा वेळ, सुमारे 6 तास. तंतोतंत सारखी दोन केंद्रकं घ्या. एक पुढच्या सेकंदाला गॅमा किरण सोडेल, दुसरं दोन दिवस तसंच बसेल. या फरकाचं कुठलंही कारण क्वांटम सिद्धांत देत नाही. त्याहून मला चकित करते ती पुढची गोष्ट: केंद्रक म्हातारं होत नाही. 6 तास टिकून राहिलेल्या केंद्रकाची पुढचे 6 तास टिकण्याची शक्यता पुन्हा निम्मीच, अगदी नव्यासारखी. आणि तरीही सकाळी मोजलेल्या मात्रेतली दुपारी किती उरेल, हे तंत्रज्ञ बिनचूक काढतो, कारण सुईतल्या द्रवात अशी अब्जावधी केंद्रकं असतात. याला बेभरवशाचा कारभार कसं म्हणायचं? एकेका केंद्रकाची वेळ ठरलेली नाही, पण संभाव्यता मात्र नियमाने पक्की बांधलेली आहे.

शिवाय 1926 चं श्रोडिंगरचं समीकरण, म्हणजे क्वांटमचं मूळ समीकरण, स्वतः पूर्ण निश्चिततावादी आहे. आजचं तरंगफल (कणाच्या स्थितीचं गणिती वर्णन) दिलं की उद्याचं ठरलं. त्याच वर्षी माक्स बॉर्नने त्या तरंगफलातून संभाव्यता कशी काढायची ते सांगितलं. योगायोग शिरतो तो मोजमाप करताना, आणि मोजताना नेमकं काय घडतं यावर भौतिकशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

आइन्स्टाइनला योगायोग मूलभूत आहे हे मान्य नव्हतं. 1964 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने दाखवलं, की कणांची उत्तरं आधीच ठरलेली असतील, इथल्या मोजमापाचा दूरच्या कणावर तत्काळ परिणाम होत नसेल आणि काय मोजायचं याची निवड कणांपासून स्वतंत्र असेल, तर एकमेकांशी जोडलेल्या दोन कणांच्या निकालांतला मेळ एका मर्यादेबाहेर जाणार नाही. प्रयोगांत तो मर्यादेबाहेर गेला. क्लाउजर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना 2022 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

“म्हणजे निश्चिततावाद संपला,” असं इथे सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमच्या 1952 च्या मांडणीत प्रत्येक कणाचा मार्ग ठरलेला असतो आणि भाकितं नेहमीच्या क्वांटमसारखीच येतात. फक्त दूरच्या कणांचा एकमेकांवर तत्काळ परिणाम होतो, हे तिथे स्वीकारावं लागतं. मला ही किंमत जड वाटते, म्हणून मी योगायोग मूलभूत मानण्याकडे झुकतो. पण हा माझा कल आहे, प्रयोगाचा निकाल नव्हे.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग इच्छास्वातंत्र्य खरं का? केंद्रकाची वेळ ठरलेली नसली, तरी ती माझ्या इच्छेनेही ठरत नाही. क्वांटमच्या आधाराने इच्छास्वातंत्र्य सिद्ध करू पाहणाऱ्या लेखांत मी योगायोगापासून इच्छेपर्यंतचा हाच दुवा शोधत असतो, आणि तो मला अजून कुठे सापडलेला नाही.