आजव्यात रिकामी ठेवायची जागा

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा समा भागातील आमच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर 26 फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या दिवसांत नदी 35 फुटांच्याही वर गेली होती. तेव्हापासून जून उजाडला की किती पाऊस पडला यापेक्षा आजवा सरोवराची पातळी किती आहे, हे मी आधी पाहते.

सयाजीराव महाराजांच्या काळात हे सरोवर बांधले गेले ते शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून. तेथील पाणी निमेटा येथे शुद्ध होऊन उताराने शहरात येते आणि पूर्व भागातील घरे आजही त्यावर अवलंबून आहेत. त्यामुळे सरोवर भरलेले असावे ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु भरलेल्या सरोवरावर पावागढच्या बाजूचा मुसळधार पाऊस कोसळला, तर 62 दरवाजांतून येणारे पाणी विश्वामित्रीखेरीज जाणार कोठे? एकाच जलाशयाकडून आपण साठवणही मागतो आणि पुरापासून संरक्षणही मागतो. पहिल्यासाठी तो भरलेला हवा, तर दुसऱ्यासाठी त्यात जागा मोकळी हवी.

माझा भाचा कॅनडात ओटावा नदीच्या काठी राहतो. तिकडे पूर येतो तो वसंतात, बर्फ वितळल्यावर. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला की बोलणे हटकून पाण्यावर येते. "मावशी, इथे पुराचे पाणी महिनोन्महिने डोळ्यांसमोर बर्फ होऊन पडलेले असते," असे तो एकदा म्हणाला, ते मनातून जात नाही. तेथे बर्फात नळी खुपसून तिच्यात आलेला बर्फ तोलतात, त्यावरून किती पाणी उतरणार याचा अंदाज बांधतात आणि उत्तरेकडील मोठे जलाशय हिवाळाभर सावकाश रिकामे करत आणतात. एवढे करूनही 2017 आणि 2019 साली त्या नदीला मोठे पूर आले. याचे कारण असे की मोठी साठवण वरच्या अंगाला आहे, तर खालच्या अनेक उपनद्यांवर अडवणूकच नाही. तेथला बर्फ आधी वितळतो, आणि त्यावर पाऊसही पडला तर वरचे जलाशय तो लोंढा थोपवू शकत नाहीत.

आपल्याकडे पाऊस असा आधी तोलता येत नाही. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला, तो अमुक दिवशी होणार हे जूनमध्ये कोण सांगणार? म्हणूनच निदान ऑगस्टच्या मध्यापर्यंत तरी आजव्यात जाणीवपूर्वक जागा राखावी, आणि पाणी सोडायचेच असेल तर नदी खाली असताना, थोडे थोडे आणि लवकर सोडावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढे पाऊस रुसला तर उन्हाळ्यात पाणी कमी पडेल ही भीती खोटी नाही. परंतु शहराला मही नदीतल्या विहिरींतूनही पाणी मिळते, तेव्हा काही फुटांची जोखीम उचलता येण्यासारखी आहे.

केवळ दरवाजांना दोष देऊन मात्र भागणार नाही. आमच्या घरात पाणी प्रथम आले ते भूखी कांसेच्या, म्हणजे नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या बाजूने, नदीच्या बाजूने नव्हे. नदी फुगली की कांसेचे पाणी तिच्यात उतरत नाही, ते उलट वस्तीत पसरते. आणि पुढे विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी तुडुंब असेल तर विश्वामित्रीलाही ओसरायला वेळ लागतो. नदीकाठच्या ज्या कोतरांत, म्हणजे घळींत, हे पाणी पूर्वी सामावत असे, त्यांतली कितीतरी भराव घालून बुजवली गेली. त्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये आल्याची भीतीने चर्चा झाली, पण त्यांचे घरही त्याच पाण्याखाली होते. 2025 च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले, याचे मला मनापासून समाधान आहे.

तरीही एक मागणी उरते. आजव्याची पातळी 212 फूट किंवा 213 फूट झाली, एवढे कळून तळमजल्यावरच्या माणसाला काहीच उमगत नाही. सोडलेले पाणी काळ्या घोड्यापर्यंत किती तासांत पोहोचेल, नदी तेथे किती फुटांवर जाईल आणि त्या पातळीला कोणत्या सोसायटीच्या पायरीला पाणी लागेल, हे दरवाजे उघडण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे. 2024 मध्ये आम्हांला तेवढे तास मिळाले असते, तर सासूबाईंना आम्ही अंधारात, पाण्यातून उचलून वरच्या मजल्यावर नेले नसते.