आत्तीची फॅमिली पेन्शन : खानापूर ते हुबळी

2022 मध्ये आज्जी गेली आणि बँकेनं तिची पेन्शन, म्हणजे रेल्वेतल्या आज्जाच्या मागं तिला मिळणारी फॅमिली पेन्शन, थांबवली. त्यात गैर काही नव्हतं, पेन्शन तिची होती. पण काउंटरवरच्या माणसानं वर आणखी एक ऐकवलं, "आता संपलं बघा, पुढं कुणाला मिळत नसतंय." घरात आत्ती होती, आज्जा-आज्जीची मुलगी. 1998 साली नवरा वारला तेव्हा ती तिशीची. चंदगड तालुक्यातल्या सासरहून खानापूरला माहेरी आली, त्याला पाव शतक होत आलं. आज्जाचं आणि आज्जीचं शेवटपर्यंत केलं ते तिनंच. तिच्या नावावर म्हणावं असं उत्पन्न काही नाही. आता ती माझ्याकडं बघायला लागली, आणि मला रेल्वेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

स्टेशनरोडला एक रिटायर्ड गार्डसाहेब राहतात. पेन्शनरांच्या बैठकीला न चुकता जाणारे. त्यांनी विषय एका दमात सोडवला. रेल्वेचे पेन्शनचे नियम 1993 चे आहेत, त्यातला नियम 75 फॅमिली पेन्शनचा. विधवा मुलीला ती मिळते. पूर्वी वयाची पंचविशीची अट होती, केंद्र सरकारनं 2004 साली ती काढली. मुलगी विधवा झाली ती आईबाप हयात असताना झालेली पाहिजे, पुन्हा लग्न केलेलं नको, आणि महिन्याचं उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन म्हणजे 9,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा जास्त नको. "बँक काय सांगणार? बँक म्हणजे पैसे वाटणारी. हक्क ठरवणारं ऑफिस वेगळं असतंय," असं म्हणून त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

ते ऑफिस कुठलं, यावरून घरात दोन दिवस वाद. धाकट्या काकांचं म्हणणं, मिरजेला जाऊ या, तिथं सगळं मराठीत होईल. ऐकायला बरं वाटलं. पण मिरज स्टेशन मध्य रेल्वेत, पुणे विभागात. आमची खानापूर, बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची ही सगळी स्टेशनं दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. तोच हुबळी विभाग दुसऱ्या बाजूला लोंढ्यावरून कॅसलरॉक, कुळे करत थेट वास्कोपर्यंत जातो. म्हणजे गोव्यातला वास्को आमच्या ऑफिसात आणि तीनेक तासांवरची मिरज परक्या ऑफिसात. सीमाभागात राहून राज्यांच्या हद्दीवर आम्ही रात्रंदिवस बोलतो, पण रेल्वेची हद्द तिसरीच आहे आणि तिला भाषेचं काही पडलेलं नाही.

मग पत्र्याची ट्रंक उघडली. आज्जा कीमन होता. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंड्या, असा रोज सकाळी आपल्या हद्दीतल्या रुळावरून चालत जायचा. रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली तर ठोकायची, बोल्ट आवळायचा, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवायची. 1959 ला गँगमन म्हणून लागला, 1993 ला 58 व्या वर्षी निवृत्त झाला, आणि साऱ्या नोकरीत खानापूर-लोंढा सोडून कुठं गेला नाही. ट्रंकेतले कागद मात्र वेगळीच गोष्ट सांगत होते. लागला तेव्हाच्या कागदावर दक्षिण रेल्वे. पेन्शनच्या ऑर्डरवर, म्हणजे पीपीओवर, दक्षिण मध्य रेल्वे. आणि सातव्या वेतन आयोगानंतर आज्जीला आलेल्या सुधारित पीपीओवर दक्षिण पश्चिम रेल्वे. आज्जा हलला नाही, त्याच्या डोक्यावरची रेल्वे तेवढी बदलत गेली.

त्याचं कारण मी नंतर शोधलं. आमची लाईन मुळात सदर्न मराठा रेल्वे या इंग्रज कंपनीची. 1908 ला ती मद्रास रेल्वेशी जोडली गेली. 1951 ला सरकारनं कंपन्या आणि संस्थानी रेल्वे एकत्र करून झोन पाडले, तेव्हा आम्ही दक्षिण रेल्वेत गेलो. 1966 ला सिकंदराबादला मुख्यालय असलेली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि हुबळी विभाग तिकडं गेला. 2003 ला नऊ झोनचे सोळा झाले, तेव्हा हुबळीलाच झोनचं मुख्यालय आलं. हे सगळं आत्तीला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आता सिकंदराबादला जायचं काय?" प्रश्न अगदी योग्य होता. गार्डसाहेबांनी सोडवलं. झोन बदलला तरी विभाग तोच आहे, त्यामुळं शेवटचा पीपीओ ज्या विभागाचा, अर्जही त्याच विभागाच्या डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या, ऑफिसात.

आणखी एक गैरसमज तिथंच फिटला. आम्ही सगळे "रेल्वे कंपनी" म्हणतो, पण भारतीय रेल्वे ही कंपनी नाहीच. ते रेल्वे मंत्रालयाचं खातं आहे. वर रेल्वे बोर्ड, हे 1905 पासूनचं. त्याखाली झोन, झोनला जनरल मॅनेजर. झोनखाली विभाग, विभागाला डीआरएम. शेजारची कोकण रेल्वे मात्र 1990 ची खरीखुरी कंपनी, केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांच्या भांडवलावर उभी केलेली. मडगावला प्लॅटफॉर्मवर उभं राहून हा फरक कुणाला दिसणार नाही. पण पेन्शन मागायला गेलात की दिसतो. सरकारी खातं असूनही रेल्वे आपल्या पेन्शनरांचा खर्च आपल्याच कमाईतून भागवते, आणि तो वर्षाला पन्नास हजार कोटींच्या वर आहे. नोकरीत असलेल्यांपेक्षा पेन्शनर जास्त, अशी आज स्थिती आहे. पैसा असा बाहेर जाणार म्हटल्यावर प्रत्येक कागदाला दोन डोळे लागतात, हे मला पुढं कळलं.

कागद जमवणं हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, तो थोडक्यात उरकते. आज्जा-आज्जीचे मृत्यू दाखले कन्नडमध्ये, खानापूरचे. आत्तीच्या नवऱ्याचा मृत्यू दाखला मराठीत, चंदगड तालुक्यातल्या ग्रामपंचायतीचा. शाळेचा दाखला मराठी शाळेचा. पीपीओ हिंदी-इंग्रजीत. वंशावळ आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कचेरीतून. आधार, पॅन, पासबुक, फोटो, पुन्हा लग्न न केल्याचं अफिडेव्हिट. शिवाय आत्तीच्या नावाची गंमत वेगळीच. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर त्याच नावाला कन्नड पद्धतीचा 'व्वा' जोडलेला, आधारवर स्पेलिंग तिसरंच. त्यासाठी ई-स्टॅम्पवर आणखी एक अफिडेव्हिट, की या तिघी एकच बाई आहेत.

हुबळीला आम्ही दोघी गेलो. लोंढा सुटलं की नागरगाळीपर्यंत जंगल. आत्ती खिडकीला नाक लावून रूळ बघत होती. आज्जाची हद्द कुठं संपायची ते तिला अजून पाठ आहे.

डीआरएम ऑफिसात शिरलं की पाट्याच पाट्या. इंजिनिअरिंग, ऑपरेटिंग, कमर्शियल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिग्नल, मेडिकल, पर्सनल, अकाउंट्स. आज्जा इंजिनिअरिंगचा. त्याच्यावर मुकादम, त्याच्यावर पीडब्ल्यूआय म्हणजे रुळाचा इन्स्पेक्टर, मग एईएन, डीईएन हे इंजिनिअर, असा जिना. स्टेशनमास्तर मात्र ऑपरेटिंगचा. त्यामुळं रुळाचं काम काढायचं तर इंजिनिअरिंगवाल्यांना ऑपरेटिंगकडून ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून मोकळा ठेवलेला वेळ, मागावा लागतो, तोपर्यंत माणसं हत्यारं घेऊन बाजूला बसून राहतात. आज्जा यावर लई चिडायचा. "रूळ आमचा आणि टाइम त्यांचा," म्हणायचा. या खात्याखात्यांच्या भिंती वरपर्यंत आहेत. 2019 च्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं आठ वेगवेगळ्या सेवा मोडून एकच करायचं आणि आठ जणांचं बोर्ड पाचावर आणायचं ठरवलं, ते यासाठीच. वरच्या भिंती पडतील तेव्हा पडोत, खाली कीमनची पेन्शन अजून दोन खात्यांच्या मधूनच जाते.

ती दोन खाती म्हणजे पर्सनल आणि अकाउंट्स. पर्सनलच्या सेटलमेंट सेक्शनमध्ये अर्ज घेतात, सर्व्हिस रेकॉर्ड काढतात, वारस कोण ते ठरवतात आणि मंजुरीची टिपणी लिहितात. पण त्यांच्या मंजुरीनं एक रुपया हलत नाही. फाईल अकाउंट्सला जाते. तिथं हिशेब आणि नियम पुन्हा पहिल्यापासून तपासतात आणि मगच पीपीओ निघतो. अकाउंट्सवाले बसतात डीआरएमच्याच इमारतीत, पण त्यांचा धागा झोनच्या मुख्य वित्त सल्लागाराकडं जातो. म्हणजे डीआरएमच्या माणसानं लिहिलेलं डीआरएमच्या दडपणाशिवाय नाकारता यावं, अशी ती मुद्दाम केलेली सोय. सुरुवातीला मला हा निव्वळ छळ वाटला. फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला शिकल्यावर वाटेनासा झाला. "आमचं काम कधी होणार?" असं विचारलं की उत्तर मिळतं "होईल". "फाईल व्हेटिंगला गेली का, कुठल्या तारखेला?" असं विचारलं की समोरचा रजिस्टर उघडतो. व्हेटिंग म्हणजे अकाउंट्सची तपासणी.

पर्सनलनं आधी वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी पाठवला. धारवाडकडचा मध्यमवयीन माणूस, कन्नडच्या चालीवर मराठी बोलणारा. ओसरीवर बसून त्यानं आत्तीला विचारलं, "अक्का, नवरा गेल्यावर कुणाकडं राहिलात? खर्च कोण केलं?" आत्ती म्हणाली, "बापानं केलं की." तो म्हणाला, "ते मला पटतंय, पण कागद पाहिजे." शेजारच्या दोन घरांत जाऊन त्यानं जबाब घेतले, सह्या घेतल्या. तरी त्याचं समाधान दिसेना. मुलगी बापावर अवलंबून होती हे पंचवीस वर्षांनी दाखवायचं कशानं?

शेवटी ट्रंकच कामाला आली. निवृत्त कर्मचाऱ्याला प्रवासाचा पास मिळतो, आणि त्यासाठी घरातल्या अवलंबून असलेल्या माणसांची नावं लिहून द्यावी लागतात. पासच्या नियमात विधवा मुलगी बसते. आज्जानं 2001 साली दिलेल्या अशा डिक्लेरेशनची कार्बन कॉपी पिवळ्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडली. निळी अक्षरं फिकट झालेली, घडीवर चिरलेला कागद. आज्जीच्या नावाखाली आत्तीचं नाव, पुढं 'विडो डॉटर, डिपेंडंट', वय, आणि खाली आज्जाची मराठीतली थरथरती सही. इन्स्पेक्टरनं तो कागद उजेडाकडं धरला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "तुमचे वडील हुशार होते, अक्का." आज्जा चौथी शिकलेला. तो फॉर्म भरला होता पासाच्या खिडकीवरच्या कुण्या कारकुनानं. त्या अनोळखी माणसानं नियमातला शब्द जसाच्या तसा लिहिला, त्यावर आमचं सगळं तरलं.

अकाउंट्सनं एक क्वेरी काढलीच. वडिलोपार्जित जमिनीच्या उताऱ्यावर वारसानं आत्तीचं नाव लागलेलं, मग शेतीचं उत्पन्न किती? प्रश्न रास्त होता, उत्पन्नाच्या मर्यादेत जमीनही धरतात. जमीन मिळून गुंठ्यांत मोजावी एवढी, त्यात पाच वाटेकरी. तलाठ्याच्या अहवालावरून नाडकचेरीनं तिच्या हिश्श्याचं उत्पन्न दाखल्यात घातलं आणि तो दाखला फाईलला जोडला. दरम्यान डिसेंबरातली पेन्शन अदालत, म्हणजे पेन्शनच्या तक्रारी ऐकायची बैठक, जवळ आली होती. ती दरवर्षी 15 तारखेच्या आसपास विभागात भरते आणि अर्ज आधी मागवतात. तिचा मोठा फायदा म्हणजे पर्सनल आणि अकाउंट्स त्या दिवशी एकाच टेबलाला बसतात. आमचा अर्जही दिला होता, पण क्वेरीचं उत्तर पोचल्यानं फाईल त्याआधीच निघाली.

नव्या पीपीओवर आत्तीचं नाव आलं. आज्जी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी बँकेच्या पेन्शन केंद्रातून जमा झाली. पैशातून आत्तीनं आधी घराचं गळकं पत्र्याचं छप्पर बदललं, मग काकांचं उसनं दिलं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. शेतात आणि भांड्यांत बोटं झिजलेली, त्यामुळं अंगठा मशीनला लागेना. मोबाइलवर चेहऱ्यानं दाखला काढता येतो, तसा काढला. आत्तीला डोळे मिचकवायला सांगितलं तर ती हसायलाच लागली, दोनदा फोटो नापास.

आता गल्लीतली माणसं कागद घेऊन माझ्याकडं येतात. पेन्शनर जिवंत असेल तर मी पहिलं सांगते, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी घरात असेल तर त्यांच्या हयातीतच तिची माहिती लेखी देऊन ठेवा आणि पोच घ्या. मागच्या आठवड्यात रायबागहून एक जण आले. वडील रेल्वेत, घर रायबागला, म्हणून त्यांनी हुबळीचा अर्ज भरूनच आणला होता. पीपीओ बघितला तर वडील मिरजेहून निवृत्त झालेले, मध्य रेल्वे, पुणे विभाग. त्यांचा अर्ज मी पुण्याच्या पत्त्यावर पुन्हा लिहून दिला आणि पासचं जुनं डिक्लेरेशन घरात शोधायला सांगितलं.