एकशे वीस कोटींची गोष्ट

अंधेरीतल्या एका कारखान्याची माहितीपुस्तिका मी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करून दिली होती. कारखाना पंपांचे सुटे भाग बनवतो आणि पुस्तिका जाणार होती मेक्सिकोतल्या वितरकाकडे. छपाईआधी प्रूफ बघायला गेले, तर पहिल्याच पानावर कंपनीची उलाढाल '१.२ बियोनेस' रुपये! मी 'मिल दोसिएन्तोस मियोनेस', म्हणजे बाराशे दशलक्ष, असं लिहिलं होतं.

"मॅडम, इंग्रजीत सरळ बिलियन आहे. तुमचं भलतंच लांबलचक वाटलं, म्हणून मीच बदललं," मार्केटिंगमधला मुलगा म्हणाला. शब्द दिसायला सारखे, त्याचं तरी काय चुकलं!

इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी. स्पॅनिशमधला 'बियोन' म्हणजे तब्बल एक लाख कोटी. पूर्वी ब्रिटिशांचा बिलियनही तेवढाच मोठा होता. १९७४ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने अमेरिकेचा हिशोब स्वीकारला. स्पॅनिश जागची हलली नाही. स्पेनच्या भाषा अकादमीने १९९५ मध्ये हजार दशलक्षांसाठी 'मियार्दो' हा शब्द मान्य केला, पण लोक 'मिल मियोनेस'च म्हणतात.

मी कागदावर शून्यं मांडून दाखवली. अकाउंट्समधले काका मागून डोकावले. "म्हणजे आपले एकशे वीस कोटी यांनी एक लाख वीस हजार कोटी केले? मग एमआयडीसीत कशाला बसलोय, नरिमन पॉइंटला चला की!"

पुढची पानं मग मी डोळ्यांत तेल घालून वाचली. तिथेही हात फिरलेला होताच. 'फ्यू कम्प्लेंट्स', म्हणजे तक्रारी जवळपास नाहीतच, यासाठी मी 'पोकास केहास' लिहिलं होतं. त्याचं झालं होतं 'आल्गुनास केहास', म्हणजे काही तक्रारी आहेत बरं का! गिऱ्हाइकाला आपणहून हे कोण सांगतं? दुसरीकडे 'टू पीसेस ऑफ इक्विपमेंट'चं 'दोस पिएसास दे एकिपो' करून ठेवलेलं. इंग्रजीला मोजायला मध्ये 'पीस' लागतो. आपण 'दोन यंत्रं' म्हणून मोकळे होतो, तसं स्पॅनिशमध्येही नुसतं 'दोस एकिपोस' पुरतं. त्यात 'पिएसा' म्हणजे सुटा भागसुद्धा. पंपांचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या पुस्तिकेत अख्खी यंत्रं सुट्या भागांत जमा झाली होती.

सगळं पूर्ववत केलं. निघताना मुलाने विचारलं, "हीच पुस्तिका पुढे स्पेनला पाठवली तर चालेल?" बरं झालं विचारलं. मेक्सिकोत दशांशाला आपल्यासारखं टिंब, स्पेनमध्ये स्वल्पविराम. '१,२०० मियोनेस' छापलं, तर स्पेनमधला माणूस एक पूर्णांक दोन दशांश दशलक्ष वाचणार, म्हणजे जेमतेम बारा लाख. म्हणून स्वल्पविराम काढून नुसतं १२०० ठेवलं; असा चार अंकी आकडा दोन्हीकडे बरोबरच वाचतात.

काकांना काही ते पटेना. "स्वल्पविरामाशिवाय आकडा उघडाबोडका दिसतो हो," म्हणाले. पण प्रूफवर सही केली.