नुसती भुवई

रविवार, रात्री साडेअकरा

मी एक शब्दही बोलले नव्हते. हे आधी लिहून ठेवते, कारण दोन दिवस मी स्वतःला हेच सांगते आहे.

शुक्रवारी लग्नाचं सगळं आवरल्यावर आम्ही चौघी आहेराची वही घेऊन बसलो. वही दरवेळी माझ्याकडेच येते. माझं अक्षर बरं आहे आणि बेरजेत मी चुकत नाही. भाभी पाकीट फोडून नाव वाचत होती, मी रक्कम लिहीत होते. मोठ्या खालांचं, म्हणजे मावशींचं, पाकीट आलं. आत शंभराची एक नोट, बाहेर चिकटवलेला रुपया. मी १०१ लिहिलं, पेन तसंच धरून मान वर केली आणि भुवई उचलली. बस, एवढंच. भाभी खुदकन हसली, मग बाकीच्या दोघीही हसल्या. खालांच्या मुलाचं दुकान... जाऊ दे. ते आम्हा चौघींनाही माहीत होतं.

खाला आत वुजू करत होत्या, नमाजआधी हातपाय धूत होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा आमचं हसणं पुरतं थांबलेलं नव्हतं. का हसता म्हणून त्यांनी विचारलं नाही. दुपट्ट्याने हात पुसत नमाजला उभ्या राहिल्या.

आज संध्याकाळी धाकटी अम्मपारा, म्हणजे कुरआनचा शेवटचा भाग, घेऊन शेजारी येऊन बसली. उद्या मदरशात सबक ऐकवायचा आहे, सूरह हुमजह हा छोटा अध्याय. नऊच आयती, म्हणजे वचनं, एका दमात होतात. 'वैलुल लिकुल्लि हुमजतिल लुमजह' (कुचेष्टा करणाऱ्या, नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाचा नाश) म्हणून झाल्यावर तिने विचारलं, "अम्मी, हुमजह आणि लुमजह असं दोनदा का?"

मी सवयीने सांगायला लागले. तफसीर, म्हणजे कुरआनचा अर्थ उलगडून, लिहिणाऱ्यांचं यावर एकमत नाही. कुणी म्हणतं, एक तोंडावर टोचून बोलणारा आणि दुसरा पाठीमागे. कुणी म्हणतं, एक जिभेने नावं ठेवणारा आणि दुसरा हाताने, डोळ्याने...

तिथेच माझा आवाज थांबला. पोरगी पुढची आयत म्हणायला लागली: 'अल्लजी जमअ मालंव व अद्ददह'. ज्याने माल गोळा केला आणि तो मोजत बसला. लहानपणापासून ही सूरह तोंडपाठ आहे, पण कुचेष्टेच्या पाठोपाठ लगेच मोजणं का येतं, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. चुगली निराळी, लोभ निराळा, असंच धरून चालले होते. शुक्रवारी माझ्या मांडीवर वही होती, हातात पेन होतं आणि भुवई वर गेली होती. दोन्ही एकाच क्षणी झालं. मी माणूस मोजलं, आकडा कमी भरला आणि मग हसले.

मग मनाने पळवाटा शोधल्या. ही सूरह मक्केतली आहे. ती तिथल्या श्रीमंतांबद्दल उतरली असं सांगताना उमय्या बिन खलफ, अख्नस बिन शरीक अशी नावं घेतात. माझा त्यांच्याशी काय संबंध? पण पहिल्याच आयतीत 'लिकुल्लि' आहे. प्रत्येकासाठी. त्यातून मला वगळायला जागा नाही.

तेव्हा फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःबद्दलच. या घरात प्रत्येक लग्नाला मंडपवाल्यापासून देगवाल्यापर्यंत सगळं मी बघते. माझ्याकडून एक भुवई हलली तर तिचाही हिशेब? हसल्या तर तिघी. भाभी तर बोलतेसुद्धा, आणि कितीतरी बोलते. (हे लिहितानाही मी तेच करते आहे. खोडत नाही, राहू दे.)

याच सूरहत पुढे शिक्षा म्हणून येणाऱ्या 'हुतमह'पाशी जीव अडकला आहे. चिरडून टाकणारी, तुकडे तुकडे करणारी आग. सूरह नम्लमध्ये मुंगी आपल्या सोबतिणींना सांगते, घरांत शिरा, सुलेमान आणि त्याचं लष्कर नकळत तुम्हाला चिरडेल. तिथलं क्रियापद याच धातूचं आहे. सूरह हदीदमध्ये उभं हिरवं पीक पिवळं पडतं आणि त्याचा भुगा होतो, तो भुगाही 'हुताम'. माणसाला पायाखालच्या मुंगीसारखं केलं, त्याची शिक्षा असा भुगा. आणि ही आग थेट काळजांवर चढते, 'तत्तलिउ अलल अफइदह'. भुवई कुणी पाहिली, कुणी नाही, याला तिथे अर्थच नाही. ती जिथून उचलली गेली, तिथेच आग पोचते.

हजरत आयेशा आणि हजरत सफिय्या, दोघी रसूलुल्लाहंच्या (पैगंबरांच्या) पत्नी. आयेशांनी सफिय्यांच्या ठेंगणेपणाबद्दल एकदा एक शब्द काढला, तेव्हा रसूलुल्लाह म्हणाले, हा शब्द समुद्राच्या पाण्यात मिसळला तर ते पाणीही बदलून जाईल. सफिय्या खरोखरच ठेंगण्या होत्या. आणि १०१ खरोखरच १०१ होते. खरं असतं म्हणूनच ती गीबत, पाठीमागची निंदा. खोटं असेल तर ते बोहतान, खोटा आळ, ते याहून वाईट.

मगरिबनंतर, सूर्यास्ताच्या नमाजनंतर, खालांना फोन केला. माफी मागायचीच असं ठरवून केला होता. बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो, अल्लाहकडे केलेल्या नुसत्या तौबेने तो सुटत नाही, हे लहानपणापासून ऐकलं आहे. फोन लागला आणि मी गुडघेदुखीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तेल लावते. बरं, वही लिहून झाली का गं? माझं नाव लिहिलंस ना नीट?"

"लिहिलं, खाला."

पुढे मला काही बोलता आलं नाही. त्यांना कळलंय की नाही, ते मला कळत नाही. कळलं नसेल तर माफी मागून मीच त्यांना ते दुःख द्यायचं का? अशा वेळी, ज्याला ठाऊकच नाही त्याला सांगून दुखवू नये, त्याच्यासाठी दुआ करावी, आणि ज्या बैठकीत वाईट बोललो तिथेच त्याचं चांगलं बोलावं, असं काही आलिम, धर्माचे जाणकार, म्हणतात. माझ्या भित्रेपणाला हे सोयीचं आहे हे मला दिसतंय. तरी मी तेच करणार आहे. मोठं काही जमेल असं वाटत नाही, एवढं जमेल.

माझ्या पहिल्या बाळंतपणात खाला चाळीस दिवस आमच्याकडे राहिल्या होत्या. रात्री बाळ त्यांच्या मांडीवर असायचं, कारण मला ताप होता. हे मी कधी कुठल्या वहीत लिहिलं नाही. मंगळवारी भाभीकडे वही द्यायला जायचं आहे, बाकीच्या दोघीही येतील. तेव्हा हे चाळीस दिवस सांगणार आहे. मध्येच विषय काढला म्हणून भाभी माझ्याकडे बघत राहील. बघू दे.

धाकटी झोपली आहे. शेवटपर्यंत 'मुअसदह'ला अडखळत होती. फजरनंतर, पहाटेच्या नमाजनंतर, पुन्हा एकदा म्हणून घ्यायचं आहे.